ओला पडदा

नवरा दिवसभर काय करतो हे बायकोला नेमकं कळू नये, अशी सोय निसर्गाने करून ठेवलेली आहे आणि जगातले निम्मे संसार त्या सोयीवर टिकून आहेत. केतकी टेंभरेने ती सोय मोडली. मुद्दाम नव्हे. ती भूभौतिकशास्त्रज्ञ होती, हुशार होती आणि हुशार माणसं जे काही मोडतात ते दुसरंच काहीतरी बनवता बनवता मोडतात.

राजस्थानात लूणासर नावाचं एक गाव आहे असं समजा. वर वाळू, खेजडीची चार झाडं आणि मेंढ्या. खाली, पुष्कळ खाली, मिठाचा थर. कोण्या काळी तिथे समुद्र होता, तो आटला आणि त्याचं मीठ खडकांखाली गाडलं गेलं. त्या मिठात मोठमोठ्या खोल्या कोरून हायड्रोजन साठवायचं काम एका कंपनीने घेतलं होतं. मीठ यासाठी, की त्यातून वायू निसटत नाही. भेग पडली तरी दाबाखाली मीठ हळूहळू सरकतं आणि ती बुजवून टाकतं. केतकीचा नवरा हर्षल खाली उतरून या खोल्या कोरून घेणारा इंजिनियर. केतकी वर केबिनमध्ये बसून मिठाच्या पोटात काय आहे ते बघणारी. दोघंही गोंदियाचे. घरापासून इतक्या लांब एकाच ठिकाणी नोकरी मिळाली म्हणून दोन्हीकडच्या आयांनी देवाला पेढे ठेवले होते.

आता बघणं म्हणजे काय ते सांगायला हवं. रडारच्या लाटा जमिनीत फार आत जात नाहीत, कारण माती ओली असते आणि ओल या लाटा गिळून टाकते. पण कोरडं मीठ त्यांना काचेसारखं असतं, आरपार जाऊ देणारं. म्हणून जमिनीतून मिठापर्यंत एक हातभर रुंदीचं बोअर पाडायचं आणि त्यात दोरीला बांधलेली कळशी सोडावी तसा केबलला बांधलेला अँटेना सोडायचा. तो लाटा फेकतो. मीठ जिथे संपतं, जिथे मातीचा पट्टा लागतो किंवा पोकळी लागते, तिथून लाट परत फिरते. परतायला किती वेळ लागला यावरून अंतर कळतं. एका बोअरमधून दिशा नीट कळत नाही, म्हणून तीन बोअर. तिन्हींचं गणित जुळवलं की मिठाच्या पोटाचा नकाशा पडद्यावर उभा राहतो. एकच गोष्ट ही लाट अडवते, ती म्हणजे खारं पाणी. भिंत खाऱ्या पाण्याने भिजली की तिच्यामागे आंधळं. नकाशावर काळा डाग पडतो आणि त्या डागात हत्ती बसला असला तरी दिसत नाही.

इथपर्यंत सगळे करत होते. केतकीने पुढचं केलं. परत येणारी लाट केसाएवढी जरी मागेपुढे झाली तरी ओळखेल असा हिशेब तिने संगणकाला शिकवला. मग खोलीत माणूस बसला असेल तर श्वास घेताना त्याची छाती जेवढी वरखाली होते तेवढी हालचालसुद्धा पडद्यावर एक नागमोडी रेघ होऊन उमटायला लागली. पहिल्या चाचणीला हर्षलच खाली जाऊन बसला होता. शेकडो फूट मिठापलीकडे नवऱ्याची छाती हलताना केतकीने पाहिली आणि तिला रडू आलं. त्याच्या रेघेत दर चार-पाच श्वासांनंतर एक बारीकसा झोका होता, लहानपणच्या दम्याची आठवण. तेवढ्यावरून ती शंभर रेघांत त्याला ओळखू शके.

याचा उपयोग अर्थातच खाण कोसळली तर माणसं शोधायला. त्यासाठी नियमही केतकीनेच लिहून दिला: जिथे श्वास दिसेल तिथेच माणूस मावेल असं सुटकेचं बोअर पाडायचं; दोन ठिकाणी सारख्याच संख्येने माणसं असतील तर ज्यांचा श्वास दुबळा तिथे आधी. अंदाजावर, ओरडण्यावर, नातेवाइकांच्या सांगण्यावर जायचं नाही. नियम चांगला होता. मी असतो तर मीही हाच लिहिला असता.

पण खाण काही रोज कोसळत नाही आणि पडदा रोज चालू असतो. मग काय होणार?

"आज जेवण झाल्यावर झोपला होता नं तू?" संध्याकाळी हर्षल घरात शिरला की ती विचारायची.

"कोण म्हणते?"

"श्वास पार मंद झाला होता. आणि साडेतीनला काय झालं? एकदम वाढला. कोणावर चिडला होता?"

"अवं, मशीन अडकली होती. शेषराव अन् मी धक्का देऊन राहिलो होतो."

"मग सांगायचं नं. मी घाबरले."

पहिले काही दिवस त्याला बरं वाटलं. आपली एवढी काळजी कोण करतं? मग बरं वाटेनासं झालं. खोटं बोलायला हवं असं त्याच्या आयुष्यात काहीच नव्हतं, आणि सगळी पंचाईत तीच होती. लपवायला काही असतं तर माणूस निदान हुशारीने लपवतो. एकदा जेवता जेवता तो म्हणाला, "केतकी, मी नवरा आहो का टीव्ही आहो तुझा? बघूनच राहिली तू मले." ती हसली. तोही हसला, पण भाकरी अर्धी ठेवून उठला.

थोड्याच दिवसांनी चार नंबरच्या खोलीत, एका कोपऱ्यात, नकाशावर काळा डाग दिसायला लागला. जेवणाच्या सुट्टीत हर्षलची रेघ त्या डागात शिरायची आणि नाहीशी व्हायची. त्याच्यामागोमाग शेषराव कावळेची, म्हणजे मीठ कापायचं यंत्र चालवणाऱ्या उमरेडच्या म्हाताऱ्याची. केतकीला कोडं सुटायला वेळ लागला नाही. खारं पाणी रडार अडवतं हे हर्षलला तिनेच शिकवलं होतं, वरणभात कालवता कालवता.

"चार नंबरात ओल कुठून आली?" तिने विचारलं.

"झिरपून राहिली असेल."

"फक्त जेवणाच्या सुट्टीत झिरपते? रविवारी बंद?"

हर्षलला हसू आवरेना. मग त्याने सांगून टाकलं. पंपाजवळचं खारं पाणी गोणपाटांवर मारून ती कोपऱ्यात टांगली होती, भिंतीही भिजवल्या होत्या. आत दोन फळ्या टाकल्या होत्या बसायला. माणसं त्याला 'पडदा' म्हणायची. पडद्यात बसून शेषराव तंबाखू मळायचा आणि हर्षल काहीच करायचा नाही.

"काहीच नाही?"

"काहीच नाही. तुझ्यापासून लपत नाही मी. पण कोणी बघत नाही अशा जागी माणसाले बसावं वाटते कधी. तेवढा एक कोपरा राहू दे मले."

 केतकीला वाईट वाटलं, राग आला, आपण त्याला किती छळलं हेही कळलं. दुसऱ्या दिवशी तिने नकाशावर त्या डागापुढे 'नैसर्गिक ओल' असं लिहून टाकलं आणि वर कोणाला काही कळवलं नाही. एवढी एक गोष्ट तिने प्रेमापोटी केली. बाकी सगळं काळजीपोटी केलं होतं.

छत कोसळलं ते जेवणाच्याच सुट्टीत. कशाने कोसळलं ते पुढे चौकशीत निघालं. भिजवलेल्या भिंतींचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. हे आवर्जून सांगतो, कारण अशा ठिकाणी वाचकाला पापाचं माप पदरात पडलेलं बघायचं असतं. मीठ त्या भानगडीत पडत नाही. मुख्य वाटेवरचं छत बसलं, केबल तुटल्या, फोन गेले, कोण कुठे आहे ते सांगणाऱ्या, माणसांच्या अंगावरच्या चिपा मुक्या झाल्या. बाहेरच्या बाजूची माणसं खोकत खोकत लिफ्टपर्यंत आली. चार आली नाहीत. दोन नंबरच्या खोलीत कामाला लावलेले ओमाराम आणि किसना ही दोन लूणासरचीच पोरं. आणि हर्षल आणि शेषराव.

सुटकेचे प्रमुख पिंपळापुरे साहेब केबिनमध्ये आले तेव्हा केतकी पडद्यासमोर उभी होती. धक्क्याने बंद पडलेला पडदा नुकताच पुन्हा सुरू झाला होता. साहेब मूळचे चंद्रपूरचे. कोळशाच्या खाणीत उभं आयुष्य गेलेला, थोडं बोलणारा माणूस.

"काय दिसते?"

पडद्यावर दोन नंबरच्या खोलीत दोन रेघा होत्या. चार नंबरात काळा डाग.

"दोन नंबरात दोघं आहेत. ओमाराम आणि किसना असतील. हर्षल आणि शेषराव चार नंबरात आहेत, सर. या ओलीच्या मागे."

"दिसतात?"

"दिसत नाहीत. पण तिथेच आहेत. मला माहीत आहे. ते रोज तिथेच बसतात." आणि तिने गोणपाटाच्या पडद्याची सगळी हकीकत सांगितली.

पिंपळापुऱ्यांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "केतकी, बोअर पाडायची रिग एकच आहे. नवी आहे, तरी एका बोअरला दीड दिवस खाते. खालची हवा किती पुरेल सांगता येत नाही. तुझाच नियम आहे बाई. श्वास तिथे छिद्र. मी तुझ्या नवऱ्यासाठी मोडला, तर उद्या त्या पोरांच्या बापाले काय सांगू?"

पोराचा बाप बाहेरच बसला होता. ओमारामचा बाप, हेमाराम. मेंढ्या तशाच सोडून आला होता. कंपनीचा असा दंडक होता की नातेवाइकांना पडदा बघू द्यायचा. दिलासा मिळतो म्हणे. हेमाराम आत आला, दोन रेघा वरखाली होताना बघत राहिला आणि त्याने हात जोडले.

"बाई सा, इनमें मेरा ओमा कौन सा है?"

केतकीला ठाऊक नव्हतं. तिचं चित्त काळ्या डागात होतं. "वरची," ती म्हणाली. तो वरच्या रेघेसमोर मांडी घालून बसला.

वरच्या रेघेचं काहीतरी बिनसलं होतं. श्वास चालता चालता मध्येच थांबायचा, बराच वेळ थांबायचा, मग तीन-चार भरभर यायचे आणि पुन्हा थांबायचा. पिंपळापुऱ्यांनी ते पाहिलं असतं तर रिग तात्काळ दोन नंबरवर लागली असती. केतकीने ते आधी पाहिलं.

तिने जे केलं त्याला तिच्या धंद्यात साफसफाई म्हणतात. केबल हलते, पंप थरथरतो, त्याने रेघा खराब होतात, आणि त्या गाळून गुळगुळीत करणं हे रोजचंच काम. तिने वरची रेघ गुळगुळीत केली. अडखळणं नाहीसं झालं. पडद्यावर एक धडधाकट माणूस आरामात श्वास घेऊ लागला.

मग तिने चाचणीच्या दिवशीचा हर्षलचा साठवलेला श्वास काढला. तो पातळ केला, भरभर केला आणि काळ्या डागाच्या कडेला ठेवला. त्याचीच दुसरी प्रत थोडी मागे सरकवून बाजूला ठेवली, शेषरावसाठी. दोन दुबळे श्वास. आपण खोटं करतो आहोत असं तिला क्षणभरही वाटलं नाही. तिथे दोन माणसं आहेतच, मी फक्त ती दाखवते आहे, असं ती स्वतःला म्हणाली. चोरी करणारा देखील स्वतःला काहीतरी म्हणतच असतो.

"सर, ओल खाली उतरतेय. दिसायला लागले दोघं. फार वाईट आहेत."

पिंपळापुरे वाकून बघत राहिले. दोघं इकडे, दोघं तिकडे. इकडचे धडधाकट, तिकडचे जाऊ घातलेले. नियम स्पष्ट होता. त्यांनी रिग चार नंबरवर लावायला सांगितली.

हेमारामला हे कळलं तेव्हा तो भांडला नाही. त्याने फक्त विचारलं, "मेरा वाला ठीक है ना?"

"ठीक आहे बाबा," केतकी म्हणाली. "देखो, कैसा चल रहा है."

रिग मिठाच्या वरच्या खडकातून निम्म्यावर पोचली असेल, तेव्हा दोन नंबरातली वरची रेघ सपाट झाली. गुळगुळीत करणाऱ्या हिशेबाने ती थोडा वेळ ओढून नेली, मग त्यालाही काही मिळेना. केतकीने पाहिलं. आणि तिला हायसं वाटलं. हे मी लपवणार नाही, तिनेही स्वतःपासून लपवलं नाही. आता तिकडे एक आणि इकडे दोन. आता मधेच रिग हलवा असं कोणी म्हणणार नाही.

"दोन नंबरातला एक गेला, सर," तिने फोनवर कळवलं. आवाज स्थिर होता.

हेमाराम धडपडत उठला. "ऊपर वाला? बाई सा, ऊपर वाला तो मेरा..."

"नहीं बाबा," ती म्हणाली. "मघाशी मैंने गलत बताया. नीचे वाला आपका है. वो चल रहा है."

म्हाताऱ्याने तिचे हात धरले आणि कपाळाला लावले. मग तो पुन्हा मांडी घालून बसला, या वेळी खालच्या रेघेसमोर. किसनाचा बाप केव्हाच वारला होता, आणि आई नवऱ्यामागे माहेरी निघून गेली होती. त्यामुळे त्याच्यासाठी रडायला तिथे कोणी नव्हतं. हेमारामच थोडंसं रडला.

तिसऱ्या दिवशी पहाटे रिगने चार नंबरच्या खोलीचं छत फोडलं. कॅमेरा खाली सोडला. सगळे केबिनमध्ये गोळा झाले. उजेडात आधी पांढरं मीठ चमकलं, मग टांगलेली गोणपाटं, मग दोन फळ्या. एका फळीवर चुन्याची डबी. कॅमेरा फिरला, पुन्हा फिरला. कोपऱ्यातून खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या फटीकडे काहीतरी ओढत नेल्याचा फराटा गेला होता आणि त्या फराट्यावर मीठ लालसर झालं होतं.

माणूस एकही नव्हता.

शेजारच्या पडद्यावर मात्र चार नंबरातली दोन माणसं अजून श्वास घेत होती. पातळ, भरभर, आणि दर चार-पाच श्वासांनी एक बारीक झोका. दोघांनाही तोच झोका.

पिंपळापुऱ्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, रेघांकडे पाहिलं, मग केतकीकडे. त्यांना सगळं समजलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते बाहेर गेले आणि त्यांनी रिग दोन नंबरवर हलवायला सांगितली. केतकीने साफसफाई काढून टाकली आणि दोन नंबरातली सपाट होण्याआधीची रेघ, तिचं मूळ रूप, पडद्यावर आणलं. आता तिने ती पहिल्यांदा नीट पाहिली. थांबलेल्या श्वासांच्या मधे, ते तीन-चार भरभर श्वास संपताना, झोका होता. बारीकसा. तिने ती रेघ पुन्हा पुन्हा पाहिली. मग तिच्या घशातून जो आवाज निघाला तो ऐकून हेमारामने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिचा नवरा चार नंबरात सापडला नाही एवढंच त्याला कळलं होतं.

दोन नंबरातून वर आला तो शेषराव. सुटकेच्या पिंजऱ्यातून काढून स्ट्रेचरवर ठेवला तेव्हा त्याच्या पापण्यांवर मिठाचे कण होते आणि ओठ फुटले होते. हेमारामने त्याचं तोंड बघितलं आणि तो स्ट्रेचरच्या दांडीला धरून तसाच उभा राहिला.  ओमा आणि किसना छताखाली पहिल्याच झटक्यात गेले होते, हे शेषरावने डॉक्टरला सांगितलं.

मग त्याला केतकी दिसली.

"ताई," तो म्हणाला. "साहेबाचे पाय गेले होते. पडद्यातच लागलं त्याईले. मी म्हणलं, पडून राहा, हलू नका. तर म्हणे, शेषराव, इथे आपण तिले दिसत नाही. ओल आहे. कोरड्यात चाल. म्या ओढत नेलं त्याईले, फटीतून, दोन नंबरात. पार उघड्यावर जाऊन बसलो आम्ही, मशीनची घरघर ऐकत."

डॉक्टर त्याला बोलू नको म्हणत होते. तो ऐकेना.

"मग श्वास धरून ठेवत. लय वेळ धरत. मग सोडत. म्हणलं, साहेब, छाती फुटंल, हवा खराब आहे. तर म्हणे, तिले समजंल. नुसता श्वास कोणाचाही असते, असा मुद्दाम थांबवलेला पाहिला की ती म्हणंल हा हर्षलच. हसून राहिले होते. म्हणे आयुष्यात पहिल्यांदा वाटून राहिलं, बघत असावी." त्याने पाण्याचा घोट घेतला, निम्मा सांडला. "ताई, तुम्ही ओळखलं होतं नं साहेबाले?"

केतकीने त्याच्याकडे पाहिलं. शेजारी पिंपळापुरे उभे होते. पलीकडे हेमाराम उभा होता. नाही म्हणणं तिला जमलं नाही. मेलेल्या माणसाला तेवढं तरी मिळावं असं तिला वाटलं.

"हो," ती म्हणाली. "लगेच ओळखलं."

शेषरावने समाधानाने डोळे मिटले. स्ट्रेचर उचललं गेलं. दोन पावलं गेल्यावर त्याने डोळे उघडले आणि मान वळवली. म्हाताऱ्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं न समजणं होतं.

"मंग ताई," त्याने विचारलं, "बोअरची मशीन पयले तिकडं चार नंबरावर काहून लावली?"